मांडला म्हणजे मंजूर झाला का?

झेरॉक्सवाला_सातरस्ता

अधिवेशन सुरू झालं की मला ते पेपरातून नाही, गिऱ्हाइकांच्या मोबाइलवरून कळतं. आमच्या आमदारांच्या कार्यालयातून रोज दोन-तीन मेसेज सुटतात. विधानभवनाच्या पायऱ्यांवरचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘आवाज उठवला’, ‘लक्ष वेधले’, ‘प्रश्न मांडला’. (पक्ष विचारू नका. सगळ्या पक्षांची डिझाइनं एकच पोरगा करत असावा.)

मागच्या आठवड्यात साठी ओलांडलेल्या एक मावशी दुकानात आल्या. उभा जन्म बिड्या वळण्यात गेलेला. नातीचा मोबाइल पुढं केला आणि म्हणाल्या, “ह्याची रंगीत काढ.” मेसेज होता बीडी कामगार भगिनींच्या पेन्शनवाढीचा प्रश्न सभागृहात मांडल्याचा. “कशाला हो मावशी?” तर म्हणे, “बँकेत दाखवते. वाढली न्हवं पेन्शन?” पासबुकही सोबत आणलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

मी परत वाचून दाखवलं. ‘मांडला’ लिहिलंय, ‘मंजूर झाला’ असं नाही लिहिलेलं. त्यांनी विचारलं, “मांडला म्हंजे?” मला धड सांगता आलं नाही. प्रिंट काढली नाही. त्या तशाच गेल्या.

माझं म्हणणं एवढंच, की प्रश्न विचारला ही अर्धी बातमी आहे. मंत्र्यांनी उत्तर काय दिलं ते का येत नाही? तीन आठवड्यांतल्या तीस मेसेजपैकी उत्तर सांगणारा एकही सापडला नाही. असले मेसेज नसलेले बरे, असं माझं मत झालंय.

जुळेसोलापूरकर

साफ नामंजूर. पूर्वीचे आमदार अधिवेशनाला जायचे म्हणजे मुंबईला जायचे, एवढंच आपल्याला ठाऊक असायचं. तिथं तोंड उघडलं की नाही, कुणाला पत्ता? आता निदान रोज हजेरी तरी लागते.

आणि आपणही काय कमी आहोत का? अधिवेशन चालू असताना लग्नाला आला नाही, दहाव्याला आला नाही म्हणून तोंडं वाकडी करतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रीत सोलापूर गाठायचं, सकाळी वास्तुशांत उरकायची, रात्री परत मुंबई. हे चालतं आपल्याला. तो तिथं बसून काय करतो हे सांगितलं की मात्र जाहिरात! मावशींचा गैरसमज झाला, वाईट वाटलं. पण त्यासाठी मेसेजच बंद करा म्हणणं म्हणजे ढेकणापायी घराला आग लावणं.

रिटायर्ड_कारकून

सरकारी नोकरीत बरीच वर्षं विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात गेली, म्हणून चार शब्द.

तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं त्या प्रश्नाचा, साचा ठरलेला असतो. ‘(१) अमुक घडले, हे खरे आहे काय? (२) असल्यास, चौकशी केली आहे काय? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तराचाही साचा ठरलेला. ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) कार्यवाही सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.’ हे ‘प्रश्न उद्भवत नाही’ मी किती वेळा टाइप केलं असेल, देव जाणे.

दुसरं असं, की एकाच प्रश्नावर पुष्कळदा दहा-पंधरा आमदारांची नावं असतात. प्रत्येक जण आपापल्या मतदारसंघात ‘मी विचारला’ म्हणून मेसेज सोडतो. खोटं कुणीच बोलत नाही. शिवाय प्रश्नोत्तराचा तास म्हणजे खरंच एक तास. त्यात मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं छापील यादीत राहतात. तेव्हा ‘सभागृहात आवाज उठवला’ म्हणजे दर वेळी उभं राहून बोललेच असं धरू नका. ती यादी विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळते, बघणारा पाहिजे.

आता मावशींचं. त्यांची पेन्शन भविष्य निर्वाह निधीची असणार, म्हणजे विषय केंद्राचा. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. मुंबईत कितीही आवाज उठवला तरी मंत्री जास्तीत जास्त म्हणणार, ‘केंद्र शासनाकडे पाठपुरावा करण्यात येईल.’ हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. मावशींना नसतं.

अशोकचौक_अण्णा

कारकूनकाका, एकदम बरोबर. आमच्या पूर्व भागात घरोघरी हीच गत. माझी आई घरात तेलुगू बोलते, मराठी समजतं पण वाचता येत नाही. तिच्यासाठी मेसेज म्हणजे नुसता फोटो. फोटोत आमदार हसतोय म्हणजे काम झालं, असा तिचा हिशोब.

आणि जुळेवाले, हजेरीचं कौतुक पुरे करा. कुंभारीला बीडी कामगारांची, यंत्रमागवाल्यांची घरं झाली, ती काय मेसेज सोडून झाली का? ३०,००० घरांचं रे नगर, त्यातल्या पहिल्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला. त्याआधी किती वर्षं बायकांनी मोर्चे काढले ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

जुळेसोलापूरकर

अण्णा, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. त्या मोर्चांचे पुढारी आडम मास्तर स्वतः आमदार होऊन गेलेत की. रस्त्यावरचं सभागृहात नेणारा कुणीतरी लागतोच. आणि विषय केंद्राचा असला तरी राज्यानं शिफारस करायची नाही का? सगळे गप्प बसले तर दिल्लीला सोलापूर म्हणजे चादर आणि शेंगाचटणी एवढंच कळणार.

अशोकचौक_अण्णा

शिफारस करू द्या की. पण मेसेजात ‘शिफारस’ लिहा. ‘आवाज’ कशाला?

लॉ_तिसरंवर्ष

सगळे प्रश्नांवरच अडकलात. आमदाराचं पहिलं काम कायदे करणं, त्याबद्दल एक तरी मेसेज आलाय का? १० जुलै २०२५ ला विधानसभेत जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं, कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवायांविरुद्धचं. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं त्यावर १२,००० च्या वर सूचना आल्या होत्या, एवढा वादाचा विषय. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर काय आलं? मतदारसंघातून भेटायला गेलेल्या मंडळींसोबत विधानभवनात काढलेला फोटो. विधेयक काय आहे, आपण कुठल्या बाजूनं आणि का, एक ओळ नाही. रस्ता, गटार, पेन्शन यांवर ‘आवाज’, आणि जिथं खरंच मत द्यायचं असतं तिथं चिडीचूप. मला तरी मावशींच्या गैरसमजापेक्षा ही शांतता जास्त खटकते.

जुळेसोलापूरकर

ताई, पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं त्याचा आदेश, निघाला की आमदाराला स्वतःचं मत उरतं कुठं? विरोधात गेला तर आमदारकी जाते. मग मेसेजात काय लिहिणार, ‘हात वर करायला सांगितला, केला’?

लॉ_तिसरंवर्ष

हो, तेच लिहावं. निदान खरं असेल.

नळाची_वाट

तुमचं चालू द्या. आमच्याकडं पाणी आज सोडणार का उद्या, एवढा एक मेसेज मिळाला तर मी सगळ्या पक्षांना मत देतो.

रिटायर्ड_कारकून

तो विषय महापालिकेचा. पण लोकांचं चुकतं म्हणता येत नाही. २०२२ च्या मार्चपासून कितीतरी काळ आपल्याकडं प्रशासकच होता. दार वाजवायला नगरसेवकच नसल्यावर गटारापासून उजनीच्या जलवाहिनीपर्यंत सगळं आमदाराच्या गळ्यात पडलं. ती सवय दोन्हीकडून अजून गेलेली नाही.

मेसेजवाला_पोरगा

नाव सांगत नाही, पण असले मेसेज मी बनवतो. तुमच्या आमदारांचे नाही, जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एकांचे. अकरापैकी एक समजा.

रात्री अकराला मुंबईहून चार ओळी आणि तीन फोटो येतात. सकाळी सातच्या आत पोस्ट पाहिजे, कारण शेजारच्या मतदारसंघाची आधी आली तर मला बोलणी बसतात. उत्तर काय मिळालं हे मी विचारलं नाही असं नाही. एकदा लक्षवेधीवरचं (तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) मंत्र्यांचं निवेदन मिळवलं, दोन पानांची पीडीएफ, ग्रुपवर टाकली. उघडली किती जणांनी? तिघांनी. त्यातला एक मी. त्याच दिवशी वारकऱ्यांच्या पाया पडतानाचा फोटो टाकला, तर मोबाइल गरम झाला. आता सांगा, चूक माझी का वाचणाऱ्यांची?

झेरॉक्सवाला_सातरस्ता

भावा, खरं बोललास म्हणून राग नाही. पण दोन पानं कोण वाचणार? फोटो टाक, पायऱ्यांवरचा टाक, वारीतला टाक. खाली एकच ओळ वाढव, ‘मंत्र्यांचे उत्तर: …’. नुसतं ‘प्रश्न उद्भवत नाही’ असलं तरी तेच लिही. आधी मेसेज बंद करा म्हणालो होतो, ते मागं घेतो. जुळेवाले, एवढं तुमच्या पदरात.

मेसेजवाला_पोरगा

त्या ओळीत ‘केंद्राकडे पाठपुरावा’ असं आलं तर साहेब म्हणतील, हे कशाला टाकलं, काम झालं नाही असं दिसतंय.

अशोकचौक_अण्णा

झालंच नाही ना बे!

जुळेसोलापूरकर

पदरात घेतलं. पण पोरावर कशाला चढालाव? ओळ काय लिहायची ते साहेब ठरवतात. त्यांच्या कार्यालयात जाऊन मागा. मी येतो सोबत, खरंच येतो.

झेरॉक्सवाला_सातरस्ता

जाऊ की. अधिवेशन संपू दे, साहेब गावात येऊ देत. तोवर माझी अडचण वेगळीच आहे. मावशी परत येणार, त्यांचं घर आमच्या मागच्याच बोळात. ‘मांडला’ म्हणजे काय ते त्यांना कसं सांगू?

रिटायर्ड_कारकून

तुमच्या दुकानाच्या भाषेत सांगा. अर्ज दिलाय. तोही दुसऱ्याच ऑफिसात. ते ऑफिस पुढं पाठवतो म्हणालं, तर पाठवणार. मंजुरीचा शिक्का दिल्लीत आहे.

जुळेसोलापूरकर

काका, अर्ज दिल्याची पोच तरी मिळाली की नाही? तेवढं तरी आमदारांच्या नावावर जमा करा.

झेरॉक्सवाला_सातरस्ता

पोच आणा, साहेब. तिची रंगीत प्रिंट फुकट काढून देतो, मावशींच्या हातात.