शाळेच्या पत्र्यांना चुना लावायचाय, अनुभवी मंडळींनी सल्ला द्या

वर्षा_मूल | रवि, सकाळी ९:१०
नमस्कार मंडळी. मूल तालुक्यातल्या (जि. चंद्रपूर) एका जि. प. शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. पहिली ते सातवी, पट ७८. चार खोल्या. दोनांवर टिनाचे पत्रे, दोनांवर जुने सिमेंटचे. मार्चपासून सकाळची शाळा असते, तरी साडेदहानंतर टिनाखाली बसवत नाही. गेल्या एप्रिलमध्ये घरचं थर्मामीटर नेऊन फळ्याशेजारी टांगलं. अकरा वाजता ४१. त्याच आठवड्यात दुसरीतल्या एका पोरीचा घोळणा फुटला.
लोकवर्गणीतून ४० हजार जमलेत. चाळीस म्हणजे चाळीसच. एसी नको, बिल भरायला कुणी नाही. पंखे ८ आहेत. खिडक्या आहेत, पण माकडांमुळे बंद असतात. पोषण आहार खोलीला लागून असलेल्या शेडमध्ये चुलीवर शिजतो.
प्रश्न एवढाच: पत्र्यावर साधा चुना मारू की बाजारातला कूल रूफ (ऊन परतवणारा) रंग?

बंडोपंत_कोथरूड | ९:२५
आमच्या नातवाच्या शाळेत सगळे वर्ग एसी आहेत. सुरुवातीला मीही नाक मुरडलं होतं, पण पोरगं आता शाळेत जायला रडत नाही. एकदाच खर्च करा, चांगला करा.

खवचट_खंडू | ९:३१
पंत, शाळेत एसी आणि घरी येऊन सर्दी, हेही लिहा की.

सोलर_सम्राट | ९:४०
ताई, चुनाबिना सोडा. ३ किलोवॉटचं सोलर बसवा, साधारण २ लाखांत होईल. १ किलोवॉट दिवसाला सुमारे ४ युनिट देतं. पॅनेलची सावली पत्र्यावर पडते, म्हणजे खोलीही थंड. मी स्वतःच्या घरावर बसवलंय, गेल्या महिन्यात बिल ११० रुपये आलं. पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, फॉर्म भरा.

निवांत_नाना | ९:५२
सम्राट, सूर्यघर योजना राहत्या घरांसाठी आहे हो. शाळेला कुठून मिळणार? आणि ताईंनी ४० हजार ठळक अक्षरांत लिहिलंय.

सोलर_सम्राट | ९:५८
सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक निधीतून) मिळतात पैसे. प्रयत्न केला पाहिजे. तुमच्यासारख्या मानसिकतेमुळेच देश मागे आहे.

ओव्हरसियर_निवृत्त | १०:१५
३४ वर्षं बांधकामात घालवली. पत्र्यावर रंगरंगोटी करणं म्हणजे मढ्याला पावडर. निर्लेखनाचा (खोल्या मोडीत काढायचा) प्रस्ताव पाठवा, पाडा आणि आरसीसी स्लॅब टाका. पन्नास वर्षं बघायला नको.

गुर्जी | १०:४०
ओव्हरसियर साहेब, मी अशाच स्लॅबच्या खोलीत अकरा वर्षं शिकवलं. वर काही थर नसेल तर दुपारनंतर स्लॅब तव्यासारखा तापतो आणि रात्रभर धग सोडतो. शिवाय भिंती धड असताना पाडायचं कशाला? जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ८ टक्क्यांच्या आसपास एकट्या सिमेंटचा आहे. उभी खोली वापरात ठेवणं यापेक्षा कमी कार्बनचं बांधकाम नाही.

वर्षाताई, ते सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असणार. त्यांना हात लावू नका. भोक पाडणं, ताराच्या ब्रशनं शेवाळ खरवडणं, प्रेशरनं धुणं, काहीही नको. सुटलेला धागा फुप्फुसात गेला की कर्करोगाचा धोका, आणि तो दिसतो वीस-तीस वर्षांनी. पत्रा अखंड असेल तर तसाच राहू द्या. सोलरची क्लॅम्प ठोकायला तर मुळीच नको.

सोलर_सम्राट | १०:४४
मी टिनाच्या पत्र्यावर म्हणत होतो.

लंडनचा_मावळा | ११:०५
गुर्जींना अनुमोदन. इथे ब्रिटनमध्ये १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली, तरी जुन्या शाळांत ते अजून आहे. धड असेल तर नोंद करून जागच्या जागी ठेवतात, ठरावीक काळानं तपासतात. आणखी एक. कोविडनंतर २०२१ मध्ये इथल्या सरकारनं शाळांना कार्बन डायऑक्साइड मोजायची ३ लाख यंत्रं द्यायचं ठरवलं. मुलीच्या वर्गात एक आलं. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) असतं, वर्गात हजाराच्या वर गेलं की बाई खिडकी उघडायच्या. एवढंच. बंद खोलीत पोरं पेंगतात ती काही सगळी अभ्यासाच्या कंटाळ्यानं नाही. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही, हे पंतांनीही ध्यानात घ्यावं.

बंडोपंत_कोथरूड | ११:१२
आमच्या शाळेत एअर प्युरिफायरही आहेत.

लडाख_रिटर्न | ११:३०
सोनम वांगचुकांची लडाखमधली शाळा, सेकमॉल, बघून आलोय. मातीच्या जाड भिंती, दक्षिणेकडे काचा, बाहेर उणे तापमान आणि आत हीटरशिवाय ऊब! शाळा असावी तर अशी. फोटो टाकतो संध्याकाळी.

चांदा_टू_बांदा | ११:३६
अरे बाप्पा, चंद्रपूरले ऊब कायले पाहिजे? ४५ डिग्रीत उभा रहा पाच मिनिटं, मग टाक फोटो.

सुगरण_सुमा | दुपारी १२:२०
मूळ प्रश्नावर येते. आम्ही अंगणवाडीच्या टिनावर दोन वर्षं चुना मारतोय. कळीचा चुना रात्रभर पिंपात विरवायचा, सकाळी जुन्या साडीतून गाळायचा, त्यात डीडीएल (चुना धरून ठेवणारा डिंक) घालायचं आणि पत्रा आधी धुऊन, वाळवून दोन हात मारायचे. फेब्रुवारीअखेर करा. पहिल्या जोरदार पावसात निम्मा वाहून जातो, कारण गुळगुळीत टिनाला चुना नीट धरत नाही. म्हणजे दरवर्षीचं काम. पण दोन खोल्यांना साडेतीन-चार हजारांच्या वर जात नाही. आमच्याकडे आत तीनेक अंशांचा फरक पडला.
एक चूक सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. चुना विरवताना खदखदतो. मी वाकून बघायला गेले आणि शिंतोडा डोळ्यात. आठ दिवस डोळा लाल होता. गॉगल लावा, जवळ पाण्याची बादली ठेवा, उडालाच तर चोळायचं नाही, पाणी मारत राहायचं. श्रमदान म्हणून पोरांना या कामाला लावू नका.

खवचट_खंडू | १२:२८
शाळेला चुना लावायचा धागा आणि एकाही ठेकेदाराची कमेंट नाही?

कोकणी_माणूस | १:१०
चुना नको, कूल रूफ रंगच घ्या. मी घेतला, पाच वर्षांची गॅरंटी आहे. महाग पडतो, पण दरवर्षी वर चढायची कटकट नाही.

निवांत_नाना | १:१८
बसवून किती वर्षं झाली?

कोकणी_माणूस | १:२०
सात महिने.

अहमदाबादी_मराठी | १:४५
२०१० च्या उष्णतेच्या लाटेत इथे शेकडो माणसं गेली. त्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेनं उष्णता कृती आराखडा केला. पुढे झोपडपट्टीच्या पत्र्यांवर असाच पांढरा चुना मारायची मोहीम निघाली. चुना स्वस्त आहे म्हणून त्याला हसू नका. फक्त धुळीनं काळा पडला की उपयोग संपला, झाडत राहावं लागतं.

राणी_इंटिरियर | २:०५
पत्र्याखाली थर्माकोलचं फॉल्स सीलिंग करून घ्या, मस्त गार होतं. माझ्या पार्लरला केलंय.

गुर्जी | २:२०
राणीताई, मुलांच्या डोक्यावर थर्माकोल कदापि नको. चटकन पेटतं आणि काळाकुट्ट विषारी धूर सोडतं. इथे तर चूल भिंतीपलीकडे आहे! २००४ मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या जागेतली आग गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली.

कलाकार_किशोर | २:४०
वर्ग रिकामे करणारच आहात तर बोलक्या भिंतीही करून घ्या. ऑइल पेंटमध्ये बाराखडी, पाढे, फळं, प्राणी. मी चौदा शाळा केल्यात, योग्य दरात करून देईन.

सुगरण_सुमा | २:५५
डबा बघून घ्या हो. २०१७ च्या नोव्हेंबरपासून रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर चालत नाही. कुणाच्या माळ्यावरचा जुना डबा फुकट मिळाला म्हणून वापरू नका, आणि जुना रंग कोरडा घासू नका. ती धूळ पोरांच्या हाताला लागते आणि हाताची तोंडात जाते.

चांदा_टू_बांदा | ३:३०
आपल्या कोरड्या हवेत कूलरसारखं काही नाही. दोन मोठे कूलर घ्या, १५ हजारांत काम.

निवांत_नाना | ३:४१
पाणी कोण भरणार? आणि आठवड्याला टाकी कोरडी केली नाही तर डेंग्यूचे डास घरबसल्या. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात तेच झालं, तीन जण आडवे.

गुर्जी | सायं. ५:१५
सकाळपासून कागदावर हिशेब मांडत होतो. जुना पंखा साधारण ७५ वॉटचा. ८ पंखे, पाच तास, म्हणजे दिवसाला ३ युनिट. बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे घेतले तर ३० वॉटच्या आसपास, म्हणजे सव्वा युनिट. २०० दिवसांत ३६० युनिट वाचतील. आपल्याकडे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे अडीचशे किलो. पंख्यांना २२-२४ हजार लागतील. वाईट नाही.
पण वर्षाताई, चुलीला रोज लाकूड किती लागतं?

वर्षा_मूल | रात्री ८:३०
सगळ्यांचे आभार. गुर्जी, तुमचा प्रश्न वाचून स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारून आले. रोज दहा-बारा किलो. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं तेव्हा जास्तच, आणि धूरही. तिसरीचा वर्ग शेडला लागून आहे. त्याची खिडकी माकडांमुळे बंद असते असं मी वर लिहिलं, पण बाई म्हणाल्या, माकडांसाठी नाही, धुरासाठी बंद असते. सकाळी साडेआठ ते दहा. पत्र्याखालच्या फटीतून धूर तरी येतोच. वरची वासाटी काळी झालीय.

गुर्जी | ८:५०
म्हणजे वर्षाला दोन टनांच्या वर लाकूड. पंख्यांच्या अडीचशे किलोंसमोर हे ठेवून बघा. पंख्यांऐवजी चुलीच्या जागी गॅस घेतला तर?

पर्यावरण_प्रेमी_९१ | ९:०५
थांबा. लाकूड पुन्हा उगवतं, ते कार्बन न्यूट्रल आहे. गॅस जमिनीखालचं इंधन. रोज किलोभर धरला तर वर्षाला २०० किलो गॅस, म्हणजे ६०० किलो कार्बन डायऑक्साइड तुम्ही वाढवणार. त्यापेक्षा बायोगॅस करा.

निवांत_नाना | ९:१४
बायोगॅसला रोज शेण कोण कालवणार, मुख्याध्यापक?

सुगरण_सुमा | ९:२०
प्रेमी, पुन्हा उगवेल तेव्हा उगवेल, तिसरीतली पोरं आज खोकताहेत. आणि धुरातली काजळी काय हवेला पोषक असते का?

लडाख_रिटर्न | ९:४०
[फोटो] [फोटो] [फोटो]

सोलर_सम्राट | ९:४८
इंडक्शन घ्या आणि ते सोलरवर चालवा.

वर्षा_मूल | बुध, रात्री ९:३०
काल समितीची बैठक झाली. बहुतेकांना चुना पटला होता, सरपंचांना कूल रूफ रंग हवा होता, एक जण कूलर म्हणत होते. तेवढ्यात मावशींनी कोपऱ्यातून विचारलं, "लाकडं आणायले जंगलात जाणं बंद होईल का?" गेल्या साली त्यांच्या शेजारणीवर सरपण गोळा करताना वाघ आला होता. ती वाचली, पण आता मावशी एकट्या जात नाहीत, घरच्या दोघांना घेऊन जातात. शाळेचं लाकूड आणायला तीन माणसं. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. लाकडाचे पैसे देतो म्हटलं की आमचं काम संपायचं.
तर ठरलं ते असं: शेगडी आणि दोन सिलिंडरची अनामत ९ हजार, वर्षभराचा गॅस १८ हजार बाजूला, शेडला वर हवा जायला झरोके आणि बाहेरच्या बाजूला सिलिंडरसाठी जाळीचा कप्पा ५ हजार. उरलेल्या आठातून टिनाच्या दोन खोल्यांना चुना आणि खिडक्यांना बाहेरून जाळ्या, म्हणजे माकडं बाहेर आणि पल्ले उघडे. सिमेंटच्या पत्र्यांना कुणी हात लावणार नाही, ते प्रोसिडिंगमध्ये लिहून घेतलं. पंखे यंदा नाहीत.

ओव्हरसियर_निवृत्त | ९:४५
विचारलं पत्र्याचं, घेतला गॅस. मग धागा कशाला काढला?

पर्यावरण_प्रेमी_९१ | ९:५२
६०० किलो. नोंद असावी.

गुर्जी | १०:०५
दुसऱ्या वर्षीच्या गॅसचं काय?

वर्षा_मूल | १०:२०
लाकडाला जे देत होतो ते गॅसला वळवू, कमी पडेल ती पुन्हा वर्गणी. सुमाताई, डीडीएल दहा किलो चुन्याला किती घालता?

सुगरण_सुमा | १०:३१
आम्ही दहा किलोला एक किलो घालतो. आधी पत्र्याच्या एका कोपऱ्यात मारून बघा, वाळल्यावर हाताला पांढरं लागलं तर अजून घाला. आणि गॉगल!

कोकणी_माणूस | १०:४०
तरी मी म्हणेन, कूल रूफ रंगच घ्यायला हवा होता.