सैल मांडी, घट्ट खांदा आणि पावसाळ्यातला टॉपकोट

विश्रामबागवाला (सांगली)

नमस्कार मंडळी. व्हॉयेजर क्लासचं (हा आकाराचा वर्ग) सेकंडहँड ट्रान्सफॉर्मर खेळणं आहे, ट्रकचा रोबो होणारं, साधारण ७ इंची. उजव्या मांडीचा बॉल जॉइंट सैल आहे, उभा केला की हळूहळू खाली बसतो. खांद्याचं उलटं. बिजागर इतकं घट्ट की फिरवताना करकर वाजतं आणि पिनेभोवती बारीक पांढरी रेष दिसते. हा तुकडा पारदर्शक निळ्या प्लास्टिकचा आहे, ट्रकची काच त्यालाच जोडलेली.

सोबत १/१४४ स्केलचं एचजी (हाय ग्रेड) गुंडाम किट, म्हणजे सुटे तुकडे जोडून बनवायचा रोबो, जोडून तयार आहे. पॅनल लाइन (खाचांत भरायची गडद रेघ) आणि मॅट टॉपकोट (वरून मारायचा शेवटचा स्प्रे थर) राहिलाय. सांगलीत सध्या साधे कपडे वाळेनात, तर टॉपकोट आत्ता मारावा की दसऱ्यापर्यंत थांबावं?

यूट्यूबवर सैल जॉइंटला सर्रास नेलपॉलिश लावतात. चालतं का?

अजिंक्यतारा (सातारा)

मांडी थांबेल, खांदा थांबणार नाही. तो फिरवणं आजच बंद करा.

पांढरी रेष म्हणजे प्लास्टिक आतून ताणलं गेलंय. पारदर्शक प्लास्टिक रंगीत एबीएसपेक्षा (खेळण्यांचं नेहमीचं प्लास्टिक) कडक आणि ठिसूळ असतं, दबत नाही, सरळ तडकतं. त्यात पिनेचं भोक किंचित लहान असलं की खेळणं नुसतं कपाटात ठेवलं तरी त्या कडीवर ताण राहतो. म्हणून कधी कधी हातही न लावता सांधा फुटलेला सापडतो.

आधी बघा, स्क्रू आहे की पिन. स्क्रू असेल तर पाव वळसा सैल करा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. पिन असेल तर दोन्ही टोकं भिंगातून बघा. एका टोकाला बारीक खाचा असतात, दुसरं गुळगुळीत. ठोकायचं गुळगुळीत टोकाकडून, म्हणजे खाचांचं टोक आधी बाहेर पडतं. उलट ठोकलंत तर त्या खाचा सगळं भोक खरवडत जातील. पिनेपेक्षा बारीक पंच घ्या, खाली लाकूड ठेवा, हलके टोले द्या.

पिन निघाली की पारदर्शक तुकड्याचं भोक मोठं करायचं. पिनेच्या गुळगुळीत भागाच्या मापाचं ड्रिल बिट बोटात धरून फिरवायचं. मशीन लावू नका, उष्णतेनं प्लास्टिक वितळून बिटाला चिकटतं. पिन त्यात स्वतःच्या वजनानं खाली घसरली की माप बरोबर. पकड बाजूच्या रंगीत तुकड्यात रुतणाऱ्या पिनेच्या खाचांनी येते, पारदर्शक तुकड्यानं पकडायचं कारणच नाही. भुगा पुसून टिपूसभर सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, डब्ल्यूडी-४० यांतलं काही नको. ताणलेल्या प्लास्टिकच्या सूक्ष्म भेगांत तेल शिरलं की भेग पुढे सरकते.

स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा. टक् करून जुन्या आट्यात बसला की मग आवळा. थेट आवळला तर नवे आटे कापतो, आणि दोन-चार वेळा असं झालं की स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी गेली म्हणून समजा.

मिरज जंक्शन

मांडीचं मी सांगते. गोळा झिजलाय की वाटी फाकलीय ते आधी ठरवा. वाटीच्या काठाला भेग दिसली तर कुठलंही लेपण फुकट, उलट गोळा जाड झाला की भेग वाढणार.

भेग नसेल तर हेअर ड्रायर कमी तापमानावर अर्धा मिनिट धरा आणि गोळा सरळ ओढा, पिळू नका. साबणाच्या पाण्यानं धुवा. सेकंडहँड मालावर आधीच्या मालकानं काय लावलंय ते कळत नाही आणि तेलकट गोळ्यावर काहीच टिकत नाही.

पहिला उपाय फेविकॉल. पाणी न घालता टूथपिकनं पातळ थर, हवेत उभा ठेवून पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वाळवायचा. पावसाळ्यात पूर्ण दिवस द्या. कमी वाटलं तर दुसरा थर. प्लास्टिकला अपाय नाही, नको असेल तर कोमट पाण्यात भिजवून सोलून निघतो. खोट इतकीच की दमट हवेत थर मऊ पडतो आणि महिनोन्‌महिने एकाच पोझमध्ये उभा ठेवलेला रोबो वाटीला चिकटतो.

कायमचं हवं असेल तर पातळ सुपरग्लू. गोळ्यावर एकच थर, वाटीच्या बाहेर २४ तास. जाड झाला तर १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं उतरवा. तुमच्या त्या निळ्या काचेजवळ मात्र सुपरग्लू आणू नका, त्याची वाफ पारदर्शक भागावर पांढरी साय धरते.

नेलपॉलिश नको. त्यात एथिल अॅसिटेट आणि ब्यूटिल अॅसिटेट असतं, दोन्ही एबीएसला मऊ करतात. पूर्ण उडायच्या आत गोळा बसवला तर गोळा आणि वाटी एकजीव होतात.

कुपवाडकर

ताई, नेलपॉलिश इतकंही वाईट नाही. अपारदर्शक एबीएसवर एक पातळ थर आणि ४८ तास मोकळ्या हवेत ठेवलं तर चालतं. पारदर्शक तुकडा आणि रंगवलेला सांधा सोडून. लोक दहा मिनिटांत बसवतात आणि मग बोंब मारतात.

आता टॉपकोट. थांबा. स्प्रेतलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ ओल्या थरावर जमते आणि थर दुधाळ होतो. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर कॅन हातात घेऊ नये. साधा डिजिटल हायग्रोमीटर टेबलावर ठेवा, आकाशाकडे बघून अंदाज करू नका. पाऊस उघडला तरी संध्याकाळी आर्द्रता चढतेच, उघडीप असेल तर दुपार बरी. साताऱ्यापेक्षा सांगलीत अशा दुपारी जास्त मिळतात, पण जुलैच्या भरवशावर कोण बसणार?

मारायचाच झाला तर कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, गरम पाण्यात अजिबात नाही. २० ते ३० सेंटिमीटर अंतर. फवारा तुकड्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, दोन पातळ हात, मध्ये १५-२० मिनिटं. थर दुधाळ झालाच तर खरवडू नका. कोरड्या दिवशी त्याच टॉपकोटचा एक हलका ओलसर हात दिला की सॉल्व्हंट जुना थर विरघळवतो आणि अडकलेली वाफ निघून जाते. पण पांढुरकेपणा जाड मॅट थरानं आला असेल, विशेषतः काळ्या भागांवर, तर या उपायानं जात नाही. पारदर्शक डोळे आणि बीम सेबर (रोबोची पारदर्शक तलवार) आधी काढून ठेवा, मॅट थर बसला की त्यांची चमक गेली.

पॅनल लाइन मात्र पावसातही करता येते, फक्त तामिया कंपनीचा पॅनल लाइन अॅक्सेंट कलर जोडलेल्या किटवर ओतू नका. तो एनॅमल आहे. त्यातलं थिनर सांध्याच्या फटीत शिरलं की ताणाखालचं एबीएस तडकतं, तेही त्याच क्षणी नाही, दुसऱ्या दिवशी हात वर केला की. तुकडे सुटे करा, आधी ग्लॉस थर द्या, मग लाइन. रनर (किटचे तुकडे ज्या चौकटीला जोडून येतात त्या) अजून टाकले नसतील तर त्यांच्या पट्टीवर पीएस, एबीएस, पीई अशी अक्षरं उठवलेली असतात, कुठला भाग कशाचा ते तिथंच कळतं. ग्लॉस थराला पण कोरडी हवा लागते, तेव्हा आत्ता करायचं असेल तर ०.३ मिलिमीटरचा गुंडाम मार्कर घ्या. रेघ ओढायची, जादा शाई लगेच कापसाच्या काडीनं पुसायची.

अजिंक्यतारा (सातारा)

एक जोड देतो. सेकंडहँड घेताना व्हिडिओ रिव्ह्यूवर जाऊ नका. डब्यातून काढलेलं खेळणं एकदा रोबो, एकदा ट्रक करून दाखवलं की रिव्ह्यू संपतो. सांधा सैल होतो पुढच्या वीस-तीस फेऱ्यांत, आणि ते कुणी दाखवत नाही. विकणाऱ्याकडून एका पायावर उभ्या केलेल्या रोबोचा मिनिटभराचा व्हिडिओ मागवा. पारदर्शक बिजागरांचे जवळून फोटो मागवा, दिवा मागून धरून. सोनेरी झळाळीच्या प्लास्टिकचे १९९० च्या आसपासचे जुने मॉडेल असतील तर फिरवूच नका, त्यातले कित्येक बिस्किटासारखे चुरतात आणि त्यावर इलाज नाही.

विश्रामबागवाला (सांगली)

खांद्याला पिनच आहे, खाचा दिसल्या. किटमधली मनगटंही थोडी सैल आहेत, आत पॉलीकॅप (सांध्यातली मऊ प्लास्टिकची वाटी) आहे. त्यावरही फेविकॉल?

मिरज जंक्शन

पॉलीकॅपवर नाही. ती पॉलिएथिलीनची, तिच्यावर गोंद, रंग, सुपरग्लू काही धरत नाही, सोलून निघतं. तिच्यात शिरणारी प्लास्टिकची दांडी जाड करायची. सुपरग्लूचा एक थर, २४ तास, मग बसवून बघायचं. पॉलीकॅप मऊ असल्यानं थोडं जास्त झालं तरी ती फाटत नाही, पण दांडीचा बुडखा बारीक असतो, तिथं जोर देऊ नका.