विषय: पाडवा, सासूबाई आणि साकुराचे फोटो

नमस्कार मंडळी,

सासूबाई सांगलीहून पहिल्यांदाच जपानला येताहेत. 30 मार्चला पाडवा, आणि साकुराही (चेरीची फुलं) त्याच सुमारास फुलेल असं दिसतंय. पैठणी नेसून फुलांखाली एक चांगला फोटो हवा, एवढीच त्यांची हौस. गेल्या वर्षी टोकियोत चिदोरिगाफुचीच्या खंदकाकाठी मी काढलेले सगळे फोटो बिघडले. फुलं मळकट, माणसं काळवंडलेली, पोस्टरवरचा गुलाबी रंग कुठेच नाही. माझं काय चुकतं? शिवाय त्यांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. जवळपास कुठे न्यावं?

– निशिकासाईहून

---

उत्तर: पाडवा, सासूबाई आणि साकुराचे फोटो

ताई,

आधी रंगाचं सांगतो, कारण तिथेच सगळे फसतात. टोकियोत जिकडेतिकडे दिसतो तो साकुराचा सोमेई योशिनो हा प्रकार. त्याची कळी गुलाबी, पण उमललेलं फूल जवळजवळ पांढरंच. गळायला आलं की मधोमध लाली चढते. पोस्टरवाले वरून रंग चढवतात. तुम्ही कृपा करून चढवू नका. सासूबाई जे डोळ्यांनी पाहतील, तेच फोटोत राहू दे.

आता मळकटपणा. समोर सगळं पांढरं दिसलं की कॅमेरा उजेड कमी करतो, त्यामुळे पांढऱ्याचं राखाडी होतं. एक्स्पोजर +0.7 ते +1 वर न्या. फोन असेल तर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड वाढवा. या दिवसांत आभाळ भरून येतंच, जपानीत त्याला ‘हानागुमोरी’ असा खास शब्दच आहे. तेव्हा फुलांच्या मागे आकाश घेऊच नका. दोन पावलं सरका, मागे काहीतरी गडद येऊ द्या: पाइनचं झाड, दगडी भिंत, नाहीतर पावसाने भिजून काळंभोर झालेलं साकुराचंच खोड. त्या खोडातून थेट फुटलेला चार फुलांचा झुबका मला अख्ख्या झाडापेक्षा आवडतो. पैठणी जांभळी किंवा गर्द हिरवी असेल तर तीच नेसू द्या, पांढऱ्या फुलांशेजारी खुलते.

चिदोरिगाफुचीची गर्दी त्यांना झेपणार नाही. हिगाशी-ओजिमा स्टेशनला उतरा, अराकावा नदीच्या काठाने कोमात्सुगावा सेंबोनझाकुरा ही साकुराची रांग आहे. ‘सेंबोन’ म्हणजे हजार झाडं. सकाळी लवकर जा. कोवळं ऊन पाकळ्यांच्या मागून आलं की पाकळी आतून उजळते.

दिवसाचं म्हणाल, तर टोकियोतल्या यासुकुनी जिंजा या देवस्थानातल्या नमुन्याच्या झाडावर 5-6 फुलं उमलली की हवामान खातं ‘काइका’ (बहराची सुरुवात) जाहीर करतं, 80 टक्के कळ्या उमलल्या की ‘मानकाइ’ (पूर्ण बहर). मध्ये साधारण आठवडा जातो. सगळे सोमेई योशिनो एकाच झाडाची कलमं, म्हणून एका भागातली झाडं बरोबरच फुलतात आणि बरोबरच गळतात. 2023 मध्ये टोकियोचा मानकाइ 22 मार्चला झाला, आणि पाडवाही 22 लाच होता! मानकाइ हुकला तरी हळहळू नका. नंतर पाकळ्यांचा पाऊस पडतो तो ‘हानाफुबुकी’, तेव्हा कॅमेरा बर्स्टवर (एकापाठोपाठ एक फोटो) ठेवून काढत राहा.

एकच कळकळीची विनंती, फोटोसाठी फांदी खाली ओढू नका. साकुराची जखम लवकर भरत नाही, तिथून झाड कुजतं. ‘साकुरा छाटतो तो मूर्ख, उमे (जपानी जर्दाळू) छाटत नाही तो मूर्ख’ अशी इथे म्हणच आहे. मुळांवरही उभं राहू नये. गेल्या वर्षी आपल्याच सहलीत एका फांदीला मुलं लोंबकळत होती आणि मोठी माणसं फोटो काढत होती. मला फार वाईट वाटलं.

– योकोहामाहून

---

उत्तर: पाडवा, सासूबाई आणि साकुराचे फोटो

दादा,

मानकाइ नेमका 30 लाच जाहीर झाला! गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली आणि मग निघालो, त्यामुळे सकाळचं ऊन काही साधलं नाही. पण मागे खोड घेतलं, उजेड वाढवला, आणि फुलं पांढरीशुभ्र आली. थंडी होती म्हणून आईंनी पैठणीवर माझं जॅकेट चढवलं होतं. फोटोपुरतं काढलं, लगेच घातलं. फांदी चांगली हाताशी होती, पण त्यांनी नुसतं खाली वाकून गळालेलं एक फूल उचललं आणि केसांत खोचलं. तोच फोटो सोबत जोडलाय. रंग चढवलेला नाही.

– निशिकासाईहून