मदत हवी आहे: फिरून येणारी कामं कागदी वहीत कशी मांडायची?

दोन महिन्यांपूर्वी मोबाइलमधली कामांची यादी बंद करून कागदावर आले. रिमाइंडर वाजला की बोट आपोआप तो सरकवून टाकायचं आणि काम तिथंच राहायचं.

आधी भेट आलेली, रोज एक पानवाली डायरी वापरली. अर्धी पानं कोरी, शिवाय ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्यानं ती उघडणार कशी? आता ए६ वही आहे (१०५ × १४८ मिमी, पर्समध्ये मावते). दोन पानांवर एक आठवडा हातानं आखते. शाईपेन मागच्या पानावर उमटतं म्हणून बॉलपेन. इथपर्यंत छान जमलंय.

अडलंय ते फिरून येणाऱ्या कामांपाशी. सोसायटीचा मेंटेनन्स तीन महिन्यांनी, विम्याचा हप्ता वर्षानं, सासूबाईंच्या गोळ्या दर २८ दिवसांनी. दर रविवारी उतरवून घेताना गेल्या महिन्यात गोळ्याच सुटल्या. रात्री दहाला स्ट्रिपमध्ये शेवटची एक दिसली. मागच्या पानावर वर्षाचा तक्ता केलाय, पण तो उघडून बघायचंच राहतं.

ऑफिसच्या मीटिंगा मोबाइलवरच राहतील. महागडा छापील प्लॅनर नको. महिन्याच्या चौकटीत न बसणारं, २८ दिवसांसारखं काम तुम्ही वहीत नेमकं कुठं लिहिता, म्हणजे तो आठवडा उघडला की ते समोर येईल?