ईएसपी३२: वायफाय चालू केलं की ओलाव्याचं रीडिंगच येत नाही

बागवाला_तासगाव: मंडळी, द्राक्षबागेत ड्रिपखालचा ओलावा मोबाईलवर बघायचाय म्हणून ईएसपी३२ ला, म्हणजे वायफायवाल्या छोट्या बोर्डाला, सेन्सर जोडलाय. नुसतं चालवलं की आकडे बरोबर, वायफाय जोडलं की रीडिंग गायब. सिग्नलची वायर जीपीआयओ २५ या पिनला आहे. शिवाय दोन काट्यांचा सेन्सर गंजून हिरवा पडलाय, दुसरा कुठला घेऊ?

सोल्डर_मिरज: सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारे चिपमध्ये दोन भाग असतात, एडीसी१ आणि एडीसी२. २५ नंबर एडीसी२ वर येतो भावा आणि वायफाय चालू असताना एडीसी२ चालत नाही, चिपचंच तसं आहे, तुझं वायरिंग बरोबर आहे. ३२ ते ३९ मधली पिन घे, त्या एडीसी१ वर आहेत, ३४ घे सरळ, कोडमध्ये तेवढा नंबर बदल.

पलूसकर: काट्यांचा टाकून दे. त्यातनं मातीत थेट करंट जातो म्हणून काटे झिजतात, त्यात आपण ड्रिपमधनं खत सोडतो म्हणजे अजूनच लवकर. कपॅसिटिव्ह घे, त्यात उघडा धातू मातीला लागत नाही, पण तसाच पुरू नको, त्याचे वरचे पार्ट उघडे असतात आणि पट्टीची कापलेली कड पाणी ओढते, दोन्हीकडं इपॉक्सी लाव, नसेल तर नेलपॉलिशचे दोन हात, आणि पट्टीवर रेघ आहे तिच्या वरच्या भागापर्यंत माती जाऊ देऊ नको. मग एक रीडिंग कोरड्या हवेत, एक पाण्यात घेऊन ठेव. कोरड्यात आकडा मोठा येतो, ओल वाढली की उतरतो, हे कोडमध्ये उलटं धरू नको.

बागवाला_तासगाव: ३४ वर चाललं राव! आता बॅटरी कशी टिकवू?

सोल्डर_मिरज: डीप स्लीप, म्हणजे मधल्या वेळात बोर्ड जवळजवळ बंद ठेवायचा. अर्ध्या तासानं उठव, रीडिंग पाठव, परत झोपव.