१३ की १६ मिमी: मनगट असेल तर १६

तुम्ही विचारलंय की बॅडमिंटनमधून पिकलबॉलला आलोय, १३ मिमीचं फायबरग्लासचं पॅडल घेऊ की १६ मिमीचं कार्बनचं. वर एकांनी "सरळ महागातलं घ्या" म्हटलंय, ते मला पटत नाही.

रत्नागिरीत मी दोन्ही वापरली. गाभा दोन्हींत पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचाच, मधाच्या पोळ्यासारखा. खरा फरक जाडीचा. पातळ पॅडलवरून चेंडू टणकन सुटतो, स्मॅश मारायला मजा येते. पण किचनमध्ये, म्हणजे नेटलगतच्या सात फुटांच्या पट्ट्यात, अलगद टाकायला जावं तर तो वीतभर जास्त उठतो आणि समोरचा ठोकून मोकळा होतो. १६ मिमीवर चेंडू क्षणभर विसावल्यासारखा वाटतो, आवाजही 'टक्' ऐवजी 'ठप्प' येतो. बॅडमिंटनवाल्याच्या मनगटात झटका असतोच, मग ताकदीसाठी पैसे कशाला? १६ चंच घ्या. कोपरालाही हादरा कमी बसतो.

कार्बनच्या खरखरीत पृष्ठभागाने फिरकी छान मिळते, पण ती खरखर वापराने झिजते, हे धरूनच चाला.

आणि आपल्याकडची दमट हवा विसरू नका! मे महिन्यात तिसऱ्या गेमला मूठ हातात फिरायला लागते. मी ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पट्टी, पंधरा दिवसांनी बदलतो, खेळून झाल्यावर पॅडल ओल्या फडक्याने पुसून सावलीत ठेवतो. गाडीच्या डिकीत उन्हात कधीच नाही.

वजन २२५ ग्रॅमच्या आसपास बघा. घेण्याआधी कुणाचं तरी मागून एक संध्याकाळ खेळा, तेही बाहेर, खारा वारा सुटलेला असताना, बाहेर वापरायच्या ४० भोकांच्या चेंडूने.