'अन्यायी अट' की 'अन्याय्य अट'?

मूळ मुद्दा
बातम्यांत, मोर्चाच्या फलकांवर 'अन्यायी अटी', 'अन्यायी कर' सर्रास दिसतं. हे चूक आहे. पाणिनीने धर्म, पथिन्, अर्थ आणि न्याय या चार शब्दांना एकाच सूत्रात 'य' जोडला. त्यातून धर्म्य, पथ्य, अर्थ्य, न्याय्य झाले. न्याय्य म्हणजे न्यायाला न सोडणारं. 'अन्यायी'त मात्र 'इन्' आहे, म्हणजे अन्याय करणारा. मालक अन्यायी, त्याची अट अन्याय्य.

प्रतिसाद १
अजिबात पटत नाही. 'अन्याय्य अटी' मोठ्याने वाचा, समोरच्याला 'अन्याय अटी' ऐकू येतं. छापतानाही तो 'य' हमखास गळतो. आणि 'जुलमी कायदा' चालतो, मग 'अन्यायी कायदा' का नको? संतांच्या अभंगांत तर अन्याय म्हणजे अपराध. तो अर्थ मागे पडलाच ना? शब्द सरकतात.

मूळ मुद्दा मांडणारा
सरकू देत, पण इथे उपयोगी भेद पुसला जातोय. 'निकाल अन्याय्य आहे' ही निकालावरची टीका. 'अन्यायी' म्हटलं की बोट निकाल देणाऱ्याच्या हेतूकडे जातं. उच्चार अडत असेल तर 'अन्यायकारक' लिहा. सहा अक्षरं आहेत, पण घोटाळा नाही.

प्रतिसाद २
ग्राहक तक्रारीत दोन्ही कामाचे नाहीत. तिथे शब्द 'अनुचित'. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, कलम 2(46) मध्ये, 'अनुचित करारा'चे सहा प्रकार आहेत: अवाजवी अनामत, नुकसानीच्या मानाने भलताच दंड, कर्ज मुदतीआधी फेडू न देणं, सबळ कारणाविना एकतर्फी करार मोडणं वगैरे. नुसतं 'माझ्यावर अन्याय झाला' लिहू नका. करारातलं कलम उतरवून घ्या आणि ते यातल्या कोणत्या प्रकारात बसतं ते लिहा. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते.

प्रतिसाद ३
कायद्यात ठीक, पण बोलण्यात 'अनुचित' फार मवाळ आहे. मोठ्यांसमोर पाय पसरून बसणंही अनुचितच! सारख्या हक्काच्या माणसांत डावंउजवं झालं, तर आपल्याकडे 'पंक्तिप्रपंच' आहे. एकाच पंगतीत ओळखीच्याच्या पानावर तुपाची धार, शेजारच्याला थेंब. बदल्या, बढत्या, पाणीवाटप, सगळीकडे चपखल बसतो. फक्त सगळ्यांनाच सारखं लुबाडलं असेल तिथे वापरू नका. तिथे पंगत आहे, प्रपंच नाही.